मासे जेवताहेत

अहो, मी अजून रडले नव्हते. म्हणजे आज सकाळपर्यंत. त्याचीच सगळ्यांना काळजी लागली होती. शेजारच्या गोदाकाकू येता-जाता माझे डोळे तपासायच्या आणि कोरडे दिसले की उसासा टाकायच्या. "एकदा मोकळी हो गं बाई," म्हणायच्या. मी हो म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. काम म्हणजे तरी काय? सुतकात मला कोणी कशाला हात लावू देत नाही. जेवण काकूंकडून झाकून येतं. माझ्या वाट्याला राहिले ते तुमचे मासे.

तुम्ही गेलात हे मला ठाऊक होतं. मी पाहिलं होतं ना. हातातल्या बांगड्या गेल्या, कपाळ पुसलं गेलं, माणसं आली आणि तुम्हाला घेऊन गेली. हे सगळं मला नीट आठवतं, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा. पण फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं मला आतून झालं होतं. आपल्या लेकीचं, कुसुमचं, सासरी बाळंतपण झालेलं, तिला येता येत नाही. ती आली असती तर तिला धरून रडता आलं असतं असं काकू म्हणतात. असेल.

तुम्ही जिथे बसल्याबसल्या गेलात तिथे रीतीप्रमाणे पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला आहे. म्हणजे तो माशांच्या टाकीच्या अगदी पायथ्याशी आला आहे. उजेड काचेतून आत जातो आणि मासे त्या बाजूला येऊन थांबतात. काकू म्हणाल्या, मुकी जनावरं मालकाची राखण करताहेत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, उजेडाकडे जाणं हा त्यांचा स्वभाव आहे, काकू.

तुमची ती पाण्याची सगळी व्यवस्था आता मी एकटीनं चालवते आहे. एकदा तुम्हाला म्हणून दाखवते, चुकलं तर सांगा. वर उंच मेजावर टाकी. टाकीतून रबरी नळी खाली उतरते. खाली तिवईवर एकाखाली एक तीन मडकी. पहिल्यात कोळसा, दुसऱ्यात सीना नदीची धुतलेली वाळू, तळच्यात गाळून आलेलं पाणी. तळचं मडकं भरलं की तांब्यानं ते पाणी पुन्हा टाकीत ओतायचं, तेही जरा उंचावरून, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. नळी पाणी आपोआप खाली नेते, ते तुमचं शास्त्र. पाणी वर चढवायचं ते मात्र आपोआप होत नाही, त्यासाठी मी. "शास्त्र फुकट आहे, पाणी वाहायला बायको लागते," असं मी म्हणायची आणि तुम्ही शाळेत मुलांना ते सांगायचात. मुलांच्या आया मला देवळात विचारायच्या.

आणि मुख्य गोष्ट, खायला घालताना नळी बंद. शाळेच्या प्रयोगशाळेतून टाकून दिलेला पितळी चाप तुम्ही आणला होता, तो नळीला लावायचा. न लावला तर कणकेचे कण नळीतून थेट कोळशात जातात, तिथे कुजतात आणि सगळ्या माजघराला वास सुटतो. मासे उपाशी ते उपाशीच. त्यांची जेवणं उरकली की चाप काढायचा. तो काढायचा राहिला तर पाणी गाळलं जात नाही, वर ओतायला काही राहत नाही आणि थोड्या वेळानं मासे तोंडं वर काढून हवा पिऊ लागतात. झालं का बरोबर?

शाळेच्या मुलांना घेऊन तुम्ही भंडारदऱ्याला गेलात आणि येताना धरणाखालच्या ओढ्यातून बोटाएवढे रुपेरी मासे आणलेत, पाठीवर काळी रेघ असलेले. दुधाच्या बरणीतून. बरणी आपल्या दुधाची. त्यातले बरेच वाटेत मेले, जगले ते राहिले. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून चौकट करून घेतलीत, काचा बसवल्यात, कडा डांबरानं बुजवल्यात आणि टाकी मांडलीत ती माजघरात, देवांच्या खोलीसमोर. गल्लीत सगळे विचारायचे, भटाच्या घरी मासे कशाला? पाळायला की तळायला? मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही शाळेत गेल्यावर मी टाकीपुढे बसले आणि दुपारचं निवडणं तसंच राहिलं. हे तुम्हाला कळलं होतं. संध्याकाळी खडे असलेला भात जेवलात आणि गालातल्या गालात हसलात.

भांडायचो ते चापावरून. मी म्हणायची, "नदीत त्यांच्यासाठी कोण पाणी बंद करतं? वाहत्यातच खातात ना?" तुम्ही म्हणायचात, "आणि नदीत कणकेच्या गोळ्या कोण टाकतं?" मी म्हणायची, थोडं घालावं, चिमूटभर, म्हणजे वाया जाणार नाही, चाप लावायची कटकट नको. लढाई सुरू झाल्यापासून रबरी नळी बाजारात दिसेना झाली होती. होती ती चापानं दाबून दाबून त्याच जागी चिरत चालली होती. तुम्ही तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीत. हे माझ्याच बाजूनं होतं, मी ते बोलूनही दाखवलं. त्यावर तुम्ही म्हणालात, येत्या रविवारी नळीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून बघू, मग चाप नको. मी म्हटलं, तो शेवाळानं बुजेल. तो रविवार आला तेव्हा तुम्ही नव्हतात.

तुम्ही गेल्यावर मी माझ्या म्हणण्याप्रमाणे करून पाहिलं. नळी चालू ठेवली आणि अगदी चिमूटभर कणीक टाकली. मासे वळेपर्यंत निम्मी नळीच्या तोंडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. तुमचं बरोबर होतं. तुम्ही असतात तर मी हे कबूल केलं नसतं, नळीत काहीतरी बिघाड आहे म्हटलं असतं. आणि तुम्ही नळी तपासली असतीत.

पण खरी पंचाईत चाप लावायची नव्हतीच, तो काढायची आठवण राहण्याची होती. आधी ते माझ्याकडे होतं. तुम्ही चाप लावला की हाक मारायचात आणि मी पदराला गाठ मारायची. माशांचं खाऊन झालं की गाठ सोडायची, चाप काढायचा. पण माझ्या पदराला आधीच गाठी. एक विरजणाची, एक परटाची, एक काकूंकडून उसन्या आणलेल्या सुताची. "यातली माशांची कोणती?" असं विचारून विचारून तुम्ही कंटाळलात. मग एक दिवस स्वतःचं जानवं उचलून कानावर टाकलंत. "हे कानावर आहे तोवर चाप लावलेला आहे. उतरवताना चाप आठवणारच. जन्माची सवय आहे."

शौचाला जाताना जानवं कानावर घेतात आणि हातपाय धुऊन, शुद्ध होऊन ते खाली घेतात, हे मुंजीपासून अंगवळणी पडलेलं. त्याचा असा उपयोग कोणी केला नसेल. मी म्हटलं, पाप लागेल. तुम्ही म्हणालात, विसरलो आणि मासे मेले तर जास्त लागेल. त्यानंतर चाप राहिला असं एकदाही झालं नाही. फक्त मासे खाऊ घालत असताना कोणी आलं की त्याची फजिती व्हायची.

ते शाळा तपासायला आलेले साहेब आठवतात? तुमचे हेडमास्तर त्यांना घेऊन सकाळी सकाळी चहाला आले. तुम्ही दार उघडलंत ते उघडेच, कानावर जानवं, हातात वाटी. साहेबांनी तुमच्या कानाकडे पाहिलं आणि चटकन बाजूला होऊन वाट दिली. "या या, आधी जाऊन या तुम्ही. आम्हाला घाई नाही." तुम्हाला काही उमजेना. "कुठे जाऊन येऊ?" "अहो, निघाला आहात तिथे!" आणि तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "मी कुठेच निघालो नाही. मासे जेवताहेत." मी आतल्या दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते. हेडमास्तरांनी छत्रीच्या मुठीकडे बघायला सुरुवात केली. साहेब चहा न पिता गेले. त्यांनी शाळेबद्दल चांगला शेरा दिला, हे त्यांचं मोठेपण.

ही गोष्ट तुम्ही कितीदा सांगितली असेल. दर वेळी "मासे जेवताहेत" इथे पोचलात की तुमचं ते हसणं सुरू व्हायचं. आधी नाकातून दोन-तीन फुस्कारे, मग घशात अडकलेली उचकी, आणि मग एकदम भांडं पडल्यासारखा आवाज. मी म्हणायची, सभ्य माणसं असं हसत नाहीत.

तुमच्या अण्णांना मात्र ही गोष्ट कधीच सांगितली गेली नाही. त्यांना सांगणार कोण? राहात्याला आणि भोवतालच्या गावांत भिक्षुकी करणारा, सोवळ्याओवळ्यात आयुष्य घालवलेला तुमचा थोरला भाऊ. टाकी मांडल्यावर ते पहिल्यांदा आले तो दिवस मला आठवतो.

"हे काय?"

"मासे."

"ते दिसतंय. कशाला?"

"बघायला."

"बघायला देव आहेत घरात."

तुम्ही म्हणालात, "पहिला अवतार कोणता, अण्णा?" त्यावर ते म्हणाले, "अवताराची पूजा करतात. त्याला कणीक घालत नाहीत." बोलणं तिथेच संपलं. त्यानंतर ते यायचे, पण माझ्या हातचं शिजलेलं कधी जेवले नाहीत. केळी आणि दूध घ्यायचे, पडवीत बसायचे. तुम्हाला ते लागलं होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण अण्णा येणार असले की आदल्या दिवसापासून टाकीची काच पुसत बसायचात. एक गोष्ट तुम्हाला सांगायची माझ्याकडून राहिली. तुम्ही अंघोळीला गेलात की अण्णा पडवीतून माजघराच्या दारापर्यंत यायचे आणि मान वाकडी करून टाकीकडे बघायचे. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आहे.

त्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत बिब्ब्याच्या काळ्या खुणा घालून धुणं परटासाठी वेगळं करत होते. तुम्ही अंघोळ करून, पूजा आटपून टाकीपाशी बसलात. मला हाक मारली नाहीत, मला काही ऐकू आलं नाही. तळच्या मडक्यातलं पाणी ओतायला मी तांब्या घेऊन आले तर तुम्ही खुर्चीत होतात आणि मान एका बाजूला कलली होती. मला वाटलं, झोप लागली. हात लावून पाहिला. मग मी तांब्या खाली ठेवला, सांडू न देता. तसा सांडू न देता ठेवला याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे माणसं आली. काकूंचे यजमान आले, त्यांनी आणि आणखी कोणी तुम्हाला उचलून खाली निजवलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, जानवं कानावर आहे." दुसरं कोणी म्हणालं, "परसात जाऊन आले असतील. बरं वाटलं नसेल, येऊन बसले." कोणी ते जानवं कानावरून काढून नीट केलं. कणकेची वाटी कोणी उचलली, कुठे ठेवली, मला माहीत नाही. मी भिंतीला टेकून बसले होते आणि बायकांनी मला धरलं होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. एकदम लक्षात आलं, टप टप येत नाहीये. मडक्यांतून पाण्याचा एक थेंब आवाज करत पडतो, तो या घरात सतत असतो, तो बंद होता. मी मान वळवली तर टाकीत सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत मिटत होते. मी उठले. बायकांना वाटलं मी काही भलतंच करते आहे, चौघींनी मला ओढून धरलं. काकू तर ओरडल्याच. तेव्हा हिवऱ्याहून दूध घालायला येणारी सगुणा दारात उभी होती, ती म्हणाली, "सोडा की त्यास्नी. कुटं जात्यात ते बगा तरी." मग मी टाकीपाशी गेले, चाप काढला, तुम्हाला ठेवलं होतं तिथून वळसा घालून परत येऊन बसले. थोड्या वेळानं टप टप सुरू झालं. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असणार.

अण्णा तार मिळाल्याबरोबर सर्व्हिस मोटारीनं आले, तुम्हाला नेण्याआधी पोचले. तुमच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. काकूंचे यजमान सगळं सांगू लागले आणि सांगता सांगता ते जानव्याचंही बोलून गेले. अण्णांचा चेहरा तेव्हा बदलला. मला दारातून विचारलं, "शेवटी पाणी मागितलं का त्यानं?" मी मानेनं नाही म्हटलं.

मुलगा नाही म्हणून तुमचं सगळं अण्णाच करताहेत. फार मनापासून करताहेत, एक अक्षर गाळत नाहीत. माझे केस उतरवायचा विषय त्यांनी काढला नाही. कोणा नातलगानं काढला तर म्हणाले, "तिनं सोसलं तेवढं पुरे." त्यांच्यासारख्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं तुम्हालाही वाटलं नसतं. मला त्या वेळी त्याचं काहीच वाटलं नाही, पण मी ते लक्षात ठेवलं आहे.

मधे एकदा नळीतलं पाणी तुटलं. टाकीतलं पाणी मीच फार खाली जाऊ दिलं होतं. तुम्ही अशा वेळी नळीचं टोक तोंडात धरून ओढायचात, पाणी आलं की थुंकायचात, आणि मी शी म्हणून आत जायची. या वेळी बघायला कोणी नव्हतं. मी नळी तोंडात धरली आणि ओढली. तोंडभर पाणी आलं, कोळशाचं, शेवाळाचं, माशांचं. तुम्ही गेल्यापासून मला कशाचीच चव कळली नव्हती. ही कळली. चूळ भरली नाही लगेच, थोडा वेळ तशीच बसले.

माशांना खायला घालताना पूर्वी माझ्या बांगड्या काचेला लागायच्या आणि ते त्या आवाजानं यायचे. आता हात भुंडे, ते येत नाहीत. मी नखानं काचेवर वाजवते. शिकतील. काकू म्हणाल्या, "सुतकात त्यांना कसलं खाऊ घालतेस, त्यातून कंट्रोलचा गहू." सगुणा म्हणाली, "माशाला कसलं आलंय सुतक? त्येला प्वाट हाय न्हवं?" काकूंना ते पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पळीभर कणीक झाकून आणली ती त्यांनीच.

आणि तिकडे पडवीत अण्णा जेवत नव्हते. पहिल्यांदा मला वाटलं, नेहमीसारखं या घरचं नको असेल. पण जेवण तर काकूंकडचं होतं. ते नुसतं दूध घ्यायचे, मग तेही सोडलं. पोथ्या काढून बसायचे. काकूंच्या यजमानांशी बोलताना मी ऐकलं. "भुईवर न निजता खुर्चीत गेला, त्याचं मी बघून घेईन. त्याला वाट आहे. पण अंगाला शुद्धी नसताना गेला. जानवं कानावर, हातपाय धुतलेले की नाही कोणाला माहीत." मग म्हणाले, "पोटात कळ आली असणार. एकटा परसात गेला असणार. लहानपणी अंधारात परसात जायला भ्यायचा तो. मी कंदील घेऊन बरोबर जायचो. बाहेरून बोलत राहायचं, नाहीतर रडायचा." काकूंच्या यजमानांनी त्यांना थोडंतरी खा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, दहावा होईपर्यंत नाही, त्याच्या वाटचं प्रायश्चित्त मी करतो. त्यांचं वय बघा. काल पाट सरकवताना त्यांना भोवळ आली, खांबाला धरून उभे राहिले.

मला सगळं माहीत होतं. तुम्ही परसात गेला नव्हतात. कळ आली नसेल, आली असली तरी क्षणभर. तुम्ही माशांना खाऊ घालत होतात, चाप लावलेला होता म्हणून जानवं कानावर होतं. एवढं एक वाक्य. काकू म्हणतात मी दगड झाले म्हणून बोलत नाही. पण मला खरं भय दुसरंच होतं. ते वाक्य सांगायचं तर जानव्याचं सांगायला हवं, जानव्याचं सांगायचं तर साहेबांचं येणार, आणि ते आजवर हसल्याशिवाय कोणी सांगितलेलं नाही. तेराव्याच्या आत, पुसलेल्या कपाळानं, थोरल्या दिरासमोर मी हसले असते तर? आणि हसू आलं नसतं तर ते मला त्याहून नको होतं.

उद्या दहावा. आज सकाळी सगुणा दूध घेऊन आली. अण्णांनी नको म्हणून हात हलवला. ती दूध घेऊन आत आली आणि मला म्हणाली, "बाई, एक गेलं. ह्ये दुसरं जायच्या आदी काय तरी बोला. तुमास्नी ठाव हाय कायतरी, तुमच्या तोंडावर दिसतंय." मी म्हटलं, "तुला काय दिसतं?" "दिसतंय," ती म्हणाली आणि दुधाची कासंडी घेऊन गेली.

मी दाराआड उभी राहिले. "अण्णा," म्हटलं, "ते परसात गेले नव्हते."

त्यांनी पोथीतून मान वर केली.

"माशांना खायला घालत होते. मासे जेवत असले की ते जानवं कानावर घेत. रोज."

"रोज?" अण्णा म्हणाले. "हे कसलं शास्त्र?"

"चाप काढायची आठवण राहावी म्हणून."

त्यांना समजलं नाही. समजणार कसं? मी म्हटलं, आत या, दाखवते. ते टाकीपाशी आले, अगदी जवळ, पहिल्यांदाच. मी चाप लावला. टप टप थांबलं. कणकेची गोळी टाकली, मासे वर आले, खाऊन खाली गेले. मग मी चाप काढला. अण्णा मडक्यांकडे बघत राहिले, पाणी पुन्हा पडेपर्यंत. "म्हणजे तो इथेच बसला होता," ते म्हणाले. मी म्हटलं, "अंघोळ करून, पूजा करून बसले होते. हातात कणीक होती." त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही.

मी एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी त्यांना साहेबांचं सांगितलं. सरळ आवाजात, खाली बघून. दार उघडलंत ते, साहेब बाजूला झाले ते, आधी जाऊन या म्हणाले ते, आणि तुम्ही काय म्हणालात ते.

अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत, आणि मी कशाला बोलले असं झालं. मग नाकातून दोन-तीन फुस्कारे आले. मग घशात काहीतरी अडकलं. आणि मग एकदम भांडं पडल्यासारखा आवाज.

इतक्या वर्षांत थोरले दीर माझ्यासमोर कधी हसले नव्हते. तुमचं हसणं त्यांच्याकडेही आहे हे मला कुठून कळणार? मला हसू फुटलं आणि त्या आवाजाबरोबर मी सवयीनं मागे वळले, सभ्य माणसं असं हसत नाहीत म्हणून तुम्हाला सांगायला. मागे कोणी नव्हतं.

तेव्हा मी रडले, अहो. उभ्यानं, अण्णांच्या देखत, मोठ्यानं. काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या.